गोशा हॉस्पिटलची गोष्ट



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे आपले संपादक मंडळ गेली तीन वर्षे मला सांगत आहे आणि तीनही वर्षे मी रात्रीच्या ब्लॉकचे कारण सांगून सुटका करून घेतली. मी डिप्लोमावाला माणूस. रूळ, स्लीपर, खडी आणि गँग यांच्यात वीस वर्षे गेली. इतिहास हा विषय शाळेत सनावळ्या पाठ करण्यापुरताच होता. परंतु यंदा जे लिहितो आहे ते आमच्या सौ.चे माझ्यावरचे एक जुने देणे आहे, म्हणून ही धिटाई. चूकभूल द्यावी घ्यावी.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चेन्नई बीच ते वेलाचेरी या उंचावरून जाणाऱ्या लोकल मार्गाच्या देखभालीचे काम होते. चेपॉक स्थानक आपल्या सर्वांच्या ओळखीचे. क्रिकेटचे मैदान तिथेच. एकदा सकाळी तपासणीला निघालो असताना बरोबरच्या कीमनला सहज विचारले, "तुझे गाव कोणते?" त्याने मैदानाच्या बाजूला हात केला आणि म्हणाला, "इथलाच सार. गोशा आस्पत्रीत जन्मलो. माझी आई तिथेच जन्मली, माझी मुलगीही तिथलीच."

मी खाली उतरून मुद्दाम त्या दवाखान्याची पाटी पाहून आलो. पाटीवर नाव होते कस्तुरबा गांधी यांचे. स्त्रिया आणि मुलांचे सरकारी रुग्णालय. पण रिक्षावाला, भाजीवाली, आमचा कीमन, सगळे त्याला आजही 'गोशा' म्हणतात. हा शब्द आपल्याला परका नाही. 'गोशा' म्हणजे फारसीत कोपरा. आपल्याकडे संस्थानी वाड्यांतल्या, सरदार घराण्यांतल्या स्त्रिया 'गोषात' राहत असत असे आपण वाचतो, तोच हा गोषा. घराच्या कोपऱ्यात राहणाऱ्या, परपुरुषाच्या दृष्टीस न पडणाऱ्या बायकांसाठी काढलेला दवाखाना, म्हणून गोशा हॉस्पिटल. कोणी काढला, का काढला, हे शोधता शोधता एका बाईची गोष्ट हाती लागली. ती वाचली आणि मला स्वतःचीच लाज वाटली. का, ते पुढे सांगतो.

वकिलाची बायको

या बाईंचे नाव मेरी शार्लीब. जन्म १८४५ सालचा, लंडनचा. त्यांच्या जन्मानंतर दहा दिवसांनी त्यांची आई वारली. आजी-आजोबांनी वाढवले. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांत बाई जाणे ही त्या काळी तिकडेही घरोघरची गोष्ट होती. आपण समजतो की हे सगळे हाल आपल्याच देशात होते. तसे नव्हते. पुढे दोनच वर्षांनी, १८४७ मध्ये, व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने एक गोष्ट दाखवून दिली. त्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुइणी. बाळंतरोगाने मरणाऱ्या बायका डॉक्टरांच्या विभागात कितीतरी जास्त असत! कारण विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणीकडे येत. सेमेलवाइसने सर्वांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. तरीही मोठ्या मोठ्या डॉक्टरांनी त्याचे म्हणणे अनेक वर्षे मानले नाही.

मेरीबाईंचे लग्न १८६५ मध्ये विल्यम शार्लीब या बॅरिस्टरशी झाले. त्यांना मद्रासला वकिली करायची होती. लग्न झाले आणि जोडपे बोटीत बसले. बाई तेव्हा वीस वर्षांच्या. पुढच्या काही वर्षांत त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. म्हणजे तीन लहान मुलांची आई, वकिलाच्या बंगल्याची मालकीण, वर नवऱ्याच्या कायद्याच्या लिखाणात मदत. इंग्रजांच्या घरी आया-नोकर असत हे खरे. तेव्हा आपल्या घरांशी त्यांची थेट तुलना करता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मद्रासच्या या वास्तव्यात त्यांच्या कानावर येऊ लागले की इथल्या पडदानशीन मुसलमान आणि वरच्या जातीतल्या हिंदू घरांत बाळंतपण अडले की बाई तडफडून मरते, पण पुरुष डॉक्टरला आत येऊ देत नाहीत. दोष एकट्या घरच्यांचा नव्हता. स्त्री डॉक्टर म्हणून जगात कोणी जवळजवळ नव्हतेच. राहिली ती पारंपरिक सुईण. तमिळमध्ये तिला 'मरुत्तुवच्चि' म्हणतात. मरुत्तुवम् म्हणजे औषधोपचार, म्हणजे शब्दाचा अर्थ खरे तर वैद्यीण. बहुतेक बाळंतपणे तीच सुखरूप पार पाडत असे. पण मूल आडवे आले, रक्त थांबेना, ताप चढला, की तिच्या हाती काही उरत नसे.

मेरीबाईंनी ठरवले की आपण हे काम शिकायचे. मद्रासमध्ये १८४४ पासून एक लाइंग-इन हॉस्पिटल, म्हणजे बाळंतिणींचा दवाखाना होता. तोच आजचा आपला एग्मोरचा सरकारी प्रसूती दवाखाना. आपल्यापैकी एग्मोर स्टेशनवर काम केलेल्यांनी त्याच्या दारावरून हजारदा ये-जा केली असेल. एग्मोरचे लाल स्टेशन १९०८ सालचे, म्हणजे तो दवाखाना स्टेशनपेक्षा कितीतरी जुना. तिथे परवानगी मागून मेरीबाई दाखल झाल्या आणि वर्षभर सुईणपण शिकल्या. बॅरिस्टरची बायको, तीन मुलांची आई, दवाखान्यात जाऊन परक्या बायकांची बाळंतपणे करते आहे! त्या काळच्या इंग्रज समाजातही हे काही शोभेचे काम समजले जात नव्हते.

चार विद्यार्थिनी आणि एक दार

सुईणपण शिकल्यावर त्यांना खरी अडचण उमगली. सुईण कितीही हुशार असली तरी अवघड वळणावर डॉक्टरला बोलवावे लागतेच आणि डॉक्टर पुरुष. म्हणजे गोषातल्या बाईचा प्रश्न होता तिथेच राहिला. मग बाईंनी ठरवले की डॉक्टरच व्हायचे.

१८७५ साली हे बोलणे किती धाडसाचे होते पाहा. ब्रिटनमध्ये एडिंबरो विद्यापीठाने मुलींना वर्गात घेऊन नंतर पदवी नाकारली होती. लंडनचे स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय १८७४ मध्ये नुकतेच निघाले होते, पण पदवी द्यायला विद्यापीठ तयार नव्हते. अशा वेळी मद्रासमध्ये सर्जन-जनरल एडवर्ड बाल्फर हे वैद्यकीय खात्याचे प्रमुख होते. एग्मोरचे म्युझियम ज्यांनी सुरुवातीला उभे केले तेच हे गृहस्थ. त्यांनी स्त्रियांच्या बाजूने वजन टाकले आणि १८७५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजने चार स्त्रियांना प्रवेश दिला. त्यात एक मेरी शार्लीब. वय तीस. आज सेंट्रल स्टेशनसमोरच्या त्या कॉलेजवरून आपण रोज जातो. स्त्रियांना डॉक्टरकी शिकवणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या कॉलेजांपैकी ते एक आहे, हे मला तरी वीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

तीन वर्षांचा अभ्यासक्रम करून १८७८ मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने पदव्यांचे दार स्त्रियांना उघडले. मेरीबाई लंडनला गेल्या. पती मद्रासलाच वकिली करीत राहिले. मधे समुद्र, पत्राला आठवडेच्या आठवडे. १८८२ मध्ये त्या एम.बी., बी.एस. झाल्या आणि प्रसूतिशास्त्रात त्यांना सुवर्णपदक मिळाले. नंतर त्या काही काळ व्हिएन्नाला जाऊन अवघड प्रसूतीच्या शस्त्रक्रिया शिकल्या. ज्या शहरात सेमेलवाइसने हात धुवायला सांगितले, तेच हे शहर. व्हिक्टोरिया राणीने त्यांना बोलावून घेऊन हिंदुस्थानातील स्त्रियांची हकीकत ऐकली आणि १८८३ मध्ये त्या मद्रासला परतल्या. ज्या मेडिकल कॉलेजात विद्यार्थिनी होत्या तिथेच प्रसूतिशास्त्र शिकवू लागल्या.

१८८५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने 'व्हिक्टोरिया हॉस्पिटल फॉर कास्ट अँड गोशा विमेन' सुरू झाले. सुरुवात नुंगमबाक्कमला झाली. नंतर सरकारने चेपॉकला जागा दिली, वेंकटगिरीच्या राजांनी मोठी देणगी दिली आणि १८९० मध्ये दवाखाना आजच्या जागी आला. तिथे डॉक्टर, नर्स, सगळ्या स्त्रियाच. त्यामुळे गोषातली बाई प्रथमच घराचा कोपरा सोडून दवाखान्यात येऊ शकली. स्वातंत्र्यानंतर कस्तुरबांचे नाव मिळाले, पण लोकांच्या तोंडी 'गोशा' राहिले ते राहिलेच.

मद्रासची हवा मेरीबाईंना मानवली नाही. १८८७ मध्ये त्या लंडनला परत गेल्या. १८८८ मध्ये लंडन विद्यापीठाच्या एम.डी. झाल्या, आणि ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. पतीचे निधन १८९१ मध्ये झाले. १९०२ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोग विभागाच्या त्या प्रमुख शस्त्रवैद्य झाल्या. १९२६ मध्ये 'डेम' हा किताब मिळाला आणि १९३० मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्या वारल्या. सुरुवात कुठून झाली होती? मद्रासच्या बाळंतिणींच्या दवाखान्यात, तीन मुले घरी ठेवून सुईणपण शिकण्यापासून.

आपल्या माणसांचा धागा

आता तुम्ही म्हणाल, ही तर इंग्रज बाई, आपल्या स्मरणिकेत तिचे काय काम? थांबा, आपला धागा इथेच आहे.

ज्या १८७८ साली शार्लीबबाई मद्रास मेडिकल कॉलेजातून बाहेर पडल्या, त्याच साली एक मराठी मुलगी तिथे शिकायला आली. तिचे नाव कृपाबाई. नगरची. वडील हरिपंत खिस्ती हे धर्मांतर केलेल्या पहिल्या काही ब्राह्मणांपैकी. वय अवघे सोळा. तिची इंग्लंडला जाऊन शिकण्याची इच्छा होती, पण प्रकृती नाजूक म्हणून मद्रासला पाठवले. पहिल्या वर्षी उत्तम यश मिळवले, पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि डॉक्टरकी सोडावी लागली. पुढे सॅम्युएल सत्यनादन यांच्याशी लग्न करून त्या मद्रासच्याच झाल्या, 'सगुणा' आणि 'कमला' या इंग्रजी कादंबऱ्या लिहिल्या आणि १८९४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, इथेच वारल्या. चेन्नईत येऊन स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या यादीत हे नाव आपण घ्यायलाच हवे.

दुसरे नाव सर्वांना पाठ आहे, आनंदीबाई जोशी. त्यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. मेरीबाईंची आई दहा दिवसांत गेली, आनंदीबाईंचा मुलगा दहा दिवसांत. दोघींच्या आयुष्याची दिशा या दहा दिवसांनी ठरवली असे मला वाटते. अमेरिकेला जाण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, आनंदीबाईंनी कलकत्त्याजवळ सेरामपूरला भाषण केले. हिंदुस्थानात शिकायचे सोडून परदेशी का जाता, असे लोक विचारीत होते. त्याला उत्तर देताना त्यांनी मद्रासच्या कॉलेजचा उल्लेख केला. मद्रासला एक कॉलेज आहे, इलाख्यांतून सुईणपणाचे वर्गही आहेत, पण ते शिक्षण अपुरे आहे आणि शिकवणारे जुन्या मताचे व काहीसे मत्सरी आहेत, अशा अर्थाचे त्या स्पष्ट बोलल्या. सतरा वर्षांची मुलगी हे भर सभेत बोलते! आपण मद्रासच्या कॉलेजचे कौतुक करताना हा आहेरही लक्षात ठेवला पाहिजे. दार उघडणे वेगळे आणि आत आलेल्याला बसायला पाट देणे वेगळे. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. १८८७ मध्ये, बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्या गेल्या.

तिसरा धागा पुण्याचा. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले. विधवा, टाकलेल्या, संसाराने अडलेल्या बायकांना शिकवायचे आणि पायावर उभे करायचे. शिवण, शिक्षिकेचा अभ्यासक्रम यांच्याबरोबर ससून रुग्णालयाच्या मदतीने नर्स आणि सुईण होण्याचे शिक्षण तिथे दिले जाऊ लागले. परक्यांची शुश्रूषा करायची, विटाळ-चांडाळ न मानता रक्तामासात हात घालायचा, हे चांगल्या घरच्या बायकांचे काम नव्हे अशी तेव्हा समजूत होती. रमाबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती समजूत घरोघरी जाऊन मोडली. आज महाराष्ट्रात नर्स म्हटले की आपल्याला आदर वाटतो, त्याच्या पायात हे दगड आहेत.

आमच्या घरातील परीक्षा

आता लाज का वाटली ते सांगतो.

आमचे मूळ गाव बार्शी तालुक्यातले. माझी आजी सुईण होती. लिहिता-वाचता येत नव्हते, पण तिच्या हाताला गुण होता असे लोक म्हणत. सरकारच्या दाई प्रशिक्षणात तिला एक पत्र्याची पेटी मिळाली होती. त्यात साबण, दोरा, ब्लेड आणि नखे घासायचा ब्रश असे. ती पेटी ती देव्हाऱ्याशेजारी ठेवत असे. आधी नाळ विळ्याने कापली जाई आणि मूल सातव्या-आठव्या दिवशी धनुर्वाताने जाई, त्याला सटवाईचा फेरा म्हणत. "फेरा बिरा काही नव्हता रे, विळा गंजका होता," असे आजी म्हातारपणी म्हणत असे. एवढे ज्ञान ती चाळिशीनंतर शिकली. मोठेपणी शिकण्याचा वारसा घरात होता, पण मला तो दिसला नाही.

आमची सौ. बी.कॉम. लग्नानंतर इथे आली. तमिळ येत नव्हते. दोन मुले झाली. २०१६ साली मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा असताना ती एका रात्री म्हणाली, "अहो, मी नर्सिंगला जाऊ का?" धाकट्याच्या वेळी एका नर्सने तिचा हात धरून सगळी रात्र काढली होती, ते तिच्या मनात बसले होते. वय तेहतीस. प्रवेशाची वयोमर्यादा पस्तीस, म्हणजे थांबायला वेळ नव्हता.

मी काय विचारावे? "मुलांचे कोण बघणार?" एवढेच मी विचारले. फी किती, तू कुठे शिकणार, तुला का वाटते, हे काहीच नाही. ती काही बोलली नाही. पुढे एका संस्थेत मुलाखतीला गेली, तिथेही समोरच्यांनी पहिला प्रश्न हाच केला, आणि दुसरा, "नवऱ्याची परवानगी आणली आहे का?" घरी येऊन ती म्हणाली, "त्यांचे मला वाईट वाटले नाही. ते परके आहेत." या वाक्याने मी जमिनीत गेलो.

मग मात्र आम्ही कामाला लागलो. सासूबाई वर्षातून सहा महिने येऊन राहिल्या. क्वार्टर्समधल्या शेजारच्या मामींनी धाकट्याला दुपारी जेवू घातले, म्हणून तो आजही वरणापेक्षा रसम मागतो. आपल्या मंडळातल्या दोन वहिनींनी सबंध एक वर्ष आमच्या मुलीला आपल्या मुलांबरोबर शाळेत सोडले. नावे छापलेली त्यांना आवडणार नाहीत, पण त्यांना कळेल. माझा रात्रीचा ब्लॉक आणि तिची रात्रपाळी एकाच दिवशी आली की घरात युद्धाची परिस्थिती. एकदा मी सकाळी सात वाजता अरक्कोणम बाजूने परतलो, ती पाळीवर निघालेली, दारात दोघांची गाठ पडली आणि तिने फक्त किल्ली आणि ताप मोजायचा थर्मामीटर माझ्या हातात दिला. धाकट्याला रात्रभर ताप होता. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण ती गेली. तिसऱ्या वर्षाची प्रसूतिगृहातली पाळी चुकवली असती तर सगळे वर्ष गेले असते. त्या दिवशी मी पहिल्यांदा रजा टाकून एकट्याने मुलांना सांभाळले. "मुलांचे कोण बघणार" या प्रश्नाचे उत्तर एवढे सोपे होते. मी बघणार!

तिच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडली. ती घरी एक तक्ता घेऊन बसे, त्याला पार्टोग्राफ म्हणतात. आडव्या रेषेवर तास, उभ्या रेषेवर गर्भाशयाचे तोंड किती उघडले ते. बाळाचे ठोके, कळा, आईची नाडी, सगळे वेळेवर मांडायचे. मी पाहिले आणि म्हटले, "अगं, हा तर आमच्या कंट्रोल ऑफिसचा चार्ट!" सेक्शन कंट्रोलर असाच वेळ आणि स्टेशने मांडून गाडीची रेघ ओढतो. रेघ अपेक्षेपेक्षा आडवी पडू लागली की गाडी रखडते आहे हे त्याला स्टेशन मास्तरच्या आधी कळते. पार्टोग्राफवरही दोन तिरक्या रेषा असतात, एक सावधानतेची आणि तिच्यापुढे चार तासांवर दुसरी, कृतीची. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी या रेषा आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, काढल्या. खेड्यातल्या दवाखान्यात एकट्या असलेल्या सुईणीला कळावे की आता वाट पाहायची नाही, बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवायचे, यासाठी. आमचा कीमन रोज रूळ तपासत चालतो. शंभर दिवस काही सापडत नाही. एकशेएकाव्या दिवशी तडा दिसला की लाल झेंडी. सुईणीचे कामही तसेच आहे असे सौ. सांगते. बहुतेक वेळा धीर द्यायचा आणि निसर्गाला त्याचे काम करू द्यायचे, पण लाल झेंडी कधी हे पक्के माहीत हवे.

२०१९ मध्ये ती उत्तीर्ण झाली. प्रमाणपत्रावर नर्स आणि सुईण अशा दोन्ही नोंदी असतात. ते आम्ही आजीच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले आहे. आता ती एका प्रसूतिगृहात काम करते. तमिळ माझ्यापेक्षा चांगले बोलते. कळा देणाऱ्या बाईला इंग्रजीत धीर देता येत नाही, त्यामुळे शिकावेच लागले, असे म्हणते.

देशातही आता या कामाची किंमत वाढते आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने सुईण सेवेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अनुभवी नर्सना दीड वर्षाचे खास शिक्षण देऊन पूर्ण तयारीच्या सुइणी घडवायचे ठरवले. २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीत देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचे मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्रात ३३, तमिळनाडूत ५४, केरळात १९. पूर्वीपेक्षा हे आकडे खूप उतरले आहेत, पण प्रत्येक आकड्यामागे दहा दिवसांचे एखादे मूल आजी-आजोबांच्या मांडीवर असते, हे विसरता येत नाही.

शेवटी एक विनंती

मेरी शार्लीब मोठी बाई होती यात शंका नाही. पण बाल्फरसाहेबांनी दार उघडले नसते, घरी आया नसत्या, नवऱ्याने आडकाठी केली असती, तर त्या वकिलाची बायको म्हणूनच गेल्या असत्या आणि चेपॉकला गोशा हॉस्पिटल झाले नसते. कृपाबाईंजवळ बुद्धी होती, प्रकृती नव्हती. आनंदीबाईंजवळ जिद्द होती, आयुष्य नव्हते. आपल्या घरातल्या बायकांजवळ बुद्धी, प्रकृती, जिद्द सगळे असते. नसतात ते दुपारचे तीन तास.

आपल्या मंडळात आज निदान दोन भगिनी अशा आहेत की ज्यांना मुले लहान असताना पुढे शिकायचे आहे. त्यांनी मला नाही, आमच्या सौ.ला सांगितले आहे. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की उत्सवानंतर मंडळाची खोली रोज दुपारी बंद असते, ती मुलांसाठी उघडावी. निवृत्त मंडळींनी आळीपाळीने बसावे, पाढे घ्यावेत, गोष्टी सांगाव्यात. शनिवारची पाळी मी आत्ताच माझ्या नावावर लिहून देतो. खाऊचा खर्च वर्गणीतून न घेता आम्ही रेल्वेवाले उचलू.

पुढच्या वेळी चेपॉकला मॅच बघायला गेलात तर बाजूच्या त्या दवाखान्याकडे एकदा वळून पाहा. आणि घरात कोणी "मी शिकू का?" असे विचारले, तर माझ्यासारखा प्रश्न करू नका.

विघ्नहर्त्याला प्रार्थना, की सर्व माउली आणि लेकरे सुखरूप असोत.

गणपती बाप्पा मोरया, मंगलमूर्ती मोरया!